पोटातला गोळा

प्रस्तावना

मराठी बोलणारा माणूस घाबरला की तो काय म्हणतो, याकडे तुम्ही कधी लक्ष दिले आहे का? त्याच्या पोटात गोळा येतो. घशाला कोरड पडते, हातपाय गळतात, छातीत धडधडते, अंगावर काटा उभा राहतो, तोंडचे पाणी पळते. संकट टळले की जीव भांड्यात पडतो. या वाक्प्रचारांत ‘मन’ हा शब्द एकदाही आलेला नाही. भय ही मनाची अवस्था आहे असे पुस्तके सांगतात. भाषेने मात्र त्या भयाचा पत्ता पोट, घसा, छाती आणि पाय असाच दिलेला आहे.

लहान मुलांच्या मनातील भय आणि अस्वस्थता दूर करण्यासाठी शरीर, निसर्ग आणि कुटुंब यांचे साहाय्य कसे घेतले जाते, याचा परिचय या पाठात करून दिला आहे. तुमच्यापैकी अनेक जण स्वतः आईवडील आहेत. काही जण धाकट्या भावंडांना सांभाळून, काही जण दिवसभर काम करून शिक्षण पूर्ण करीत आहेत. घरातील एखादे मूल विनाकारण दचकते, रडते, चिडते किंवा गप्प होते, हा अनुभव तुम्हांला नवा नसेल. हा पाठ वाचल्यानंतर भयाच्या वेळी शरीरात काय घडते ते तुम्हांला आपल्या शब्दांत सांगता येईल, अशा मुलाशी कसे वागावे याचा विचार करता येईल आणि घरगुती उपाय कोठे पुरे पडत नाहीत, हेही ओळखता येईल.

मूळ पाठ

पत्र्यावरचा पाऊस

नदीकाठच्या वस्तीत राहणाऱ्या एका आठ वर्षांच्या मुलाचे उदाहरण घेऊ. हे उदाहरण कल्पित आहे. पण अशी मुले कल्पित नाहीत. ऑगस्ट २००६ मध्ये तापीच्या पुराने सुरत शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा आणि पंचगंगा या नद्यांचे पाणी सांगली-कोल्हापूर परिसरातील असंख्य घरांत शिरले. अशा प्रत्येक पुरानंतर घरे, धान्य आणि जनावरे यांचा पंचनामा होतो. मुलांच्या झोपेचा पंचनामा कोणी करीत नाही.

या मुलाच्या घरात मध्यरात्री पाणी शिरले. वडिलांनी त्याला खांद्यावर घेतले आणि कमरेएवढ्या पाण्यातून वाट काढीत शेजारच्या पक्क्या इमारतीच्या गच्चीवर नेले. कोणालाही इजा झाली नाही. पाणी ओसरले, घर धुऊन झाले, मुलगा पुन्हा शाळेत जाऊ लागला. मात्र पत्र्यावर थेंब वाजू लागले की तो अंथरुणात उठून बसे, पाय पोटाशी घेई आणि दात घट्ट आवळी. कधी कधी अंथरूण ओले होई.

“अरे, भिऊ नकोस. पाणी केव्हाच गेलं,” आई म्हणे.

“एवढा मोठा झालास आणि पावसाला भितोस?” वडील म्हणत.

दोघेही खरे तेच बोलत होते. पाणी गेले आहे हे मुलालाही ठाऊक होते. दिवसा कोणी विचारले असते, तर नदी आता कोणत्या पायरीपर्यंत आहे तेही त्याने नेमके सांगितले असते. तरीसुद्धा रात्री पत्रा वाजला की त्याचे पोट आवळून येई.

वडिलांचा राग समजण्यासारखा होता. त्यांना पहाटे कामावर जायचे असे आणि मुलाबरोबर त्यांचीही झोपमोड होई. शिवाय आणखी एक कारण होते. त्या रात्री पाण्यातून चालताना तेही भ्यालेले होते आणि ही गोष्ट त्यांनी कोणाजवळही बोलून दाखविली नव्हती.

शरीर आधी घाबरते

मेंदूत खोलवर बदामाच्या आकाराचा एक लहानसा भाग आहे. त्याला अमिग्डला असे म्हणतात. धोक्याची चाहूल लागताच हा भाग, पूर्ण विचार होण्याची वाट न पाहता, शरीराला इशारा देतो. अनुकंपी चेतासंस्था जागी होते. मूत्रपिंडांच्या वर असलेल्या अधिवृक्क ग्रंथींमधून अ‍ॅड्रिनॅलिन हे संप्रेरक रक्तात मिसळते. हृदयाचे ठोके वाढतात, श्वास उथळ आणि जलद होतो. रक्ताचा ओघ पचनसंस्थेकडून हातापायांच्या मोठ्या स्नायूंकडे वळतो, कारण आता जेवण पचविण्यापेक्षा पळणे किंवा झुंजणे अधिक निकडीचे असते. लाळ कमी होते. त्वचेवरील केसांच्या मुळाशी असलेले सूक्ष्म स्नायू आकुंचन पावतात. पोटातला गोळा, घशाची कोरड आणि अंगावरचा काटा हे वाक्प्रचार म्हणजे शरीरशास्त्रातील निरीक्षणेच आहेत. ती करणाऱ्यांनी शरीरशास्त्र वाचलेले नव्हते, इतकेच. काही वेळा पळणे आणि झुंजणे दोन्ही अशक्य असते. अशा वेळी शरीर जागच्या जागी थिजते. पुरात वडिलांच्या खांद्यावर घट्ट धरून ठेवलेल्या मुलाला दुसरे काहीच करता येत नव्हते.

धोका टळला की परानुकंपी चेतासंस्था याच्या उलट काम करते. ठोके मंदावतात, श्वास खोल होतो, भूक लागते, झोप येते. मात्र फार मोठा धक्का बसला असेल, तर ही उतरण्याची क्रिया अर्धवट राहू शकते. त्या रात्रीचा एखादा आवाज, वास किंवा प्रकाश धोक्याची खूण होऊन बसतो. मुलाच्या शरीराने पत्र्याचा आवाज आणि चढणारे पाणी यांची गाठ मारलेली आहे. तो नाटक करीत नाही आणि हट्टही करीत नाही. ‘भिऊ नकोस’ हे वाक्य त्याच्या कानांपर्यंत पोचते; पण आवळलेल्या पोटाला ते उमगत नाही. समजूत घालण्याची वेळ नंतर येते. आधी शरीर सैल व्हावे लागते.

शरीरकेंद्रित उपचारांचा आरंभ येथून होतो. अशा उपचारांत समुपदेशक मुलाला ‘का घाबरलास?’ असे विचारण्याची घाई करीत नाही. ‘अंगात कुठे कळते?’ असे विचारतो. मूल पोटावर हात ठेवते. मग तो गोळा केवढा आहे, लिंबाएवढा की नारळाएवढा, गरम की थंड, हलतो की एका जागी बसतो, असे प्रश्न येतात. लहान मुलांना हे प्रश्न आवडतात, कारण त्यांची उत्तरे चुकत नाहीत. त्यानंतर अंगातील न घाबरलेली जागा शोधायची. तळहात उबदार असतील, पाठ भिंतीला टेकलेली असेल, पाय जमिनीवर घट्ट असतील. थोडा वेळ लक्ष गोळ्याकडे, थोडा वेळ त्या निवांत जागेकडे, असे झोक्यासारखे मागेपुढे न्यायचे. भिंत दोन्ही हातांनी जोरात ढकलणे, पाय आपटणे, अंग झटकणे या हालचालींनाही येथे स्थान आहे. त्या रात्री शरीराला करता आले नाही ते आता सुरक्षित जागी करू द्यावे, असा त्यामागील विचार आहे.

अमेरिकेतील पीटर लेव्हिन यांनी या विचाराला पद्धतीचे रूप दिले. त्यांचे याविषयीचे पुस्तक १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले. रानातील प्राणी शिकाऱ्याच्या तावडीतून निसटल्यावर अंग थरथरवून पुन्हा चरू लागतात, या निरीक्षणावर त्यांच्या मांडणीचा पाया आहे. २६ डिसेंबर २००४ रोजी आलेल्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावरील १५० आपद्‌ग्रस्तांवर अशा शरीरकेंद्रित उपचाराचा प्रयोग झाला. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या अहवालानुसार, आठ महिन्यांनंतर बहुतेकांनी त्रास पुष्कळ कमी झाल्याचे सांगितले. मात्र उपचार न घेतलेल्या लोकांशी येथे तुलना केलेली नव्हती. आठ महिन्यांत काळानेही आपले काम केले असेल. म्हणून या प्रयोगाकडे आशेने पाहावे. पण त्याला सिद्धान्त मानू नये.

नृत्याचाही असा उपयोग होतो. कोलकात्यात सोहिनी चक्रवर्ती यांनी २००४ मध्ये स्थापन केलेली ‘कोलकाता संवेद’ ही संस्था अत्याचार आणि मानवी व्यापारातून सुटलेल्या मुलींबरोबर नृत्य-हालचालींच्या माध्यमातून काम करते. जे शरीर इतरांच्या ताब्यात होते ते पुन्हा आपले वाटू लागावे, हा त्यामागचा हेतू होय.

पाठगत प्रश्न

१. पाणी ओसरल्याचे ठाऊक असूनही मुलगा रात्री का घाबरत असे?
२. तमिळनाडूतील प्रयोगाला ‘सिद्धान्त मानू नये’ असे लेखात का म्हटले आहे?

खिडकीबाहेरचे झाड

शरीर सैल करण्याच्या कामी झाडेझुडपे, पाणी आणि मोकळे आकाश यांचे साहाय्य होते, ही कल्पना जुनी आहे. तिचे मोजमाप मात्र अलीकडे होऊ लागले. अमेरिकेतील रॉजर उलरिच यांनी पेनसिल्व्हेनिया राज्यातील एका रुग्णालयाची १९७२ ते १९८१ या काळातील कागदपत्रे तपासली. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांपैकी २३ जणांच्या खिडकीतून झाडे दिसत होती, तर उरलेल्या २३ जणांच्या खिडकीसमोर विटांची भिंत होती. झाडे दिसणारे रुग्ण सरासरीने सुमारे पाऊण दिवस लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामक औषधे कमी लागली. हा अभ्यास १९८४ मध्ये प्रसिद्ध झाला. पाऊण दिवस ही काही मोठी गोष्ट नाही, असे कोणी म्हणेल. परंतु त्या झाडांनी औषध दिले नव्हते, फुंकर घातली नव्हती; ती खिडकीबाहेर फक्त उभी होती.

असे का घडावे? मिशिगन विद्यापीठातील रेचेल आणि स्टीफन कॅप्लन या दांपत्याने याचे एक स्पष्टीकरण दिले. हिशेब करणे, रहदारीतून रस्ता ओलांडणे, वर्गात फळ्याकडे पाहणे यांसाठी प्रयत्नपूर्वक लक्ष द्यावे लागते आणि हे लक्ष थकते. हलणारी पाने, ढग, वाहते पाणी यांच्याकडे लक्ष आपोआप जाते आणि तेही हळुवारपणे. तेवढ्या वेळात थकलेल्या लक्षाला विसावा मिळतो. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका अभ्यासात, लक्ष एकाग्र करण्यात अडचण येणाऱ्या ७ ते १२ वर्षे वयाच्या १७ मुलांना तीन ठिकाणी प्रत्येकी वीस मिनिटे फिरवून आणले गेले: एकदा बागेत, एकदा शहराच्या मध्यवस्तीत आणि एकदा घरांच्या वसाहतीत. बागेतून आल्यावर मुलांचे लक्ष सर्वांत चांगले लागले. मुले केवळ सतरा होती, हे लक्षात ठेवावे. तरीही वीस मिनिटे हा अवधी कोणत्याही कुटुंबाला परवडण्याजोगा आहे.

जपानमध्ये या कल्पनेला सरकारने नावच दिले. १९८२ मध्ये तेथील वन विभागाने ‘शिनरिन-योकु’ हा शब्द प्रचारात आणला. त्याचा अर्थ वनस्नान. यात पाण्याचा संबंध नाही. झाडांच्या सहवासात सर्व इंद्रिये उघडी ठेवून सावकाश चालायचे, थांबायचे, वास घ्यायचा, ऐकायचे. नागानो प्रांतातील आकासावा येथील हिनोकी वृक्षांच्या जुन्या वनात याचा आरंभ झाला. पुढे देशातील २४ वनांत २८० तरुणांवर प्रयोग करण्यात आले. शहरातील फेरफटक्याच्या तुलनेत वनातील फेरफटक्यानंतर त्यांच्या लाळेतील कॉर्टिसॉल या ताणदर्शक संप्रेरकाचे प्रमाण कमी आढळले; नाडी मंद आणि रक्तदाब कमी होता. हा अहवाल २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील सहभागी निरोगी तरुण विद्यार्थी होते. भ्यालेल्या मुलाबाबतही तसेच घडेल, असे त्यावरून ठामपणे म्हणता येत नाही. शिवाय वनात शांतता असते, हवा स्वच्छ असते, घाई नसते. यांपैकी नेमके कशामुळे बरे वाटले, हे वेगळे काढणे कठीण आहे.

येथे आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. रान म्हणजे विश्रांती, ही मुख्यतः शहरातील माणसाची समजूत आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आजच्या पालघर जिल्ह्यातील कोसबाड परिसरात आदिवासी मुलांसाठी ‘कुरणशाळा’ चालविली. मुले गुरे राखायला जात, म्हणून शाळाच कुरणात गेली. त्या मुलांना रान दाखवावे लागत नव्हते. पण त्यांच्यासाठी रान हे कामाचे ठिकाणही होते. तेथे ऊन होते, साप होते, हरवलेल्या गुरासाठी बोलणी खावी लागण्याची भीती होती. म्हणून निसर्ग सर्वांना सारखाच निवांत वाटतो असे गृहीत धरू नये. पुरातून आलेल्या या मुलाला ‘निसर्गात जा’ म्हणून नदीकाठी नेणे हा शुद्ध अविचार ठरला असता. आजकाल भरभक्कम शुल्क घेऊन वनस्नानाच्या सहली काढल्या जातात. ज्यांना परवडते त्यांनी जावे. पण कोपऱ्यावरचे कडुनिंबाचे झाडही तेच काम करते आणि त्याला तिकीट नाही. खरी अडचण वेगळीच आहे. अनेक शहरांत मजुरांच्या वस्तीजवळ बाग नसते आणि असलीच तर ‘हिरवळीवर चालू नये’ अशी पाटी असते.

श्वास आणि पिंपळ

लक्ष शरीराकडे आणि श्वासाकडे नेण्याची साधना भारतात अडीच हजार वर्षांपासून चालत आलेली आहे. पाली भाषेतील सतिपट्ठान सुत्तात साधकाने अरण्यात, वृक्षाच्या मुळाशी किंवा रिकाम्या जागी बसावे आणि येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाचे भान ठेवावे, असे सांगितले आहे. वृक्ष आणि श्वास यांची जोडी तेथेच जुळलेली दिसते. १९७९ मध्ये जॉन कबाट-झिन यांनी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात, दीर्घकाळ वेदना सोसणाऱ्या रुग्णांसाठी, धार्मिक विधी वगळून या साधनेवर आधारलेला अभ्यासक्रम सुरू केला. त्यानंतर ‘सजगता’ हा शब्द रुग्णालयांत आणि शाळांत पोचला. महाराष्ट्रात इगतपुरी येथे १९७६ पासून विपश्यनेची शिबिरे भरतात. त्या परंपरेत मुलांना फक्त आनापान, म्हणजे नैसर्गिक श्वासाकडे लक्ष देणे, एवढेच शिकविले जाते.

भ्यालेल्या मुलाला मात्र ‘डोळे मीट आणि शांत बस’ असे सांगणे योग्य नाही. डोळे मिटताच त्याला तेच पाणी दिसू शकते. म्हणून डोळे उघडे ठेवून, हालचाल करीत, खेळाच्या अंगाने सजगता आणावी. पिंपळाखाली उभे राहून ऐकावे. पिंपळाच्या पानाचा देठ लांब आणि बारीक असल्याने इतर झाडे स्तब्ध असतानाही त्याची पाने सळसळत असतात. ‘किती वेगवेगळे आवाज येतात?’ एवढे विचारले की मूल बोटांवर मोजू लागते. मुंगीच्या मागे मागे जाता येते. खोडावर हात फिरवून कडुनिंबाची साल आणि पेरूची साल यांतला फरक सांगता येतो. चप्पल काढून मातीवर, मग दगडावर, मग गवतावर चालता येते. श्वासासाठी तर घरातीलच गोष्ट पुरे: गरम दूध निववताना जशी लांब, हळू फुंकर घालतात तशी फुंकर घालायची. श्वास सोडण्याचा काळ लांबला की परानुकंपी चेतासंस्थेचे काम वाढते आणि हृदयाचे ठोके मंदावतात. मुलाला हे स्पष्टीकरण देण्याची गरज नाही. दूध निवले पाहिजे, एवढे त्याला पुरते.

मूल ‘नको’ म्हणाले की थांबावे. त्याच्या पाठीवर हात ठेवण्यापूर्वीही विचारावे. शरीराच्या द्वारे उपचार करायचा, तर त्या शरीराचा मालक कोण हे विसरून चालणार नाही.

कुटुंबाचा वाटा

तान्हे मूल स्वतः शांत होऊ शकत नाही. त्याला उचलून घेतले जाते, थोपटले जाते, कोणीतरी गुणगुणते. तेव्हा त्याचा श्वास घेणाऱ्याच्या श्वासाशी जुळत जातो. मूल मोठे झाले तरी ही गरज पूर्णपणे संपत नाही. घाबरलेले मूल आधी मोठ्यांच्या शब्दांकडे पाहत नाही. त्यांच्या कपाळावरच्या आठ्यांकडे, आवाजाच्या पट्टीकडे, हाताच्या पकडीकडे पाहते. दात आवळून ‘भिऊ नकोस’ म्हटले, तर मुलाला आवळलेले दातच दिसतात.

उपचारात कुटुंबाला सामावून घेण्याचे महत्त्व आपल्या देशात फार पूर्वी ओळखले गेले. १९५०च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्या सागर यांनी रुग्णालयाच्या आवारात तंबू ठोकले आणि रुग्णांबरोबर त्यांच्या नातेवाइकांना तेथे राहू दिले. रुग्णाला कुलूपबंद खोलीत ठेवण्याच्या त्या काळात आई, पत्नी, भाऊ त्याच्याजवळ उघड्यावर बसलेले असत. डॉक्टर तेथे येऊन सर्वांशी बोलत. नातेवाईक आजार ओळखायला शिकत आणि रुग्ण लवकर घरी जाई. तमिळनाडूतील वेल्लूर येथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या मनोरुग्ण विभागातही नातेवाइकाने रुग्णासोबत राहण्याची पद्धत रुजली. पैशाची आणि मनुष्यबळाची टंचाई हे त्यामागील एक कारण होते. पण टंचाईतून सुचलेली ही गोष्ट मोलाची ठरली.

याचा अर्थ घर नेहमीच औषध असते, असा मात्र नव्हे. मुलाचे भय घरातील किंवा शेजारच्या एखाद्या व्यक्तीमुळे असेल, तर कोणतेही झाड आणि कोणताही श्वास उपयोगी पडणार नाही. तेथे मुलाला त्या व्यक्तीपासून सुरक्षित करणे हेच पहिले काम होय. बालकांसाठीच्या १०९८ या क्रमांकावर त्यासाठी साहाय्य मागता येते. अंथरूण ओले होण्यामागे मूत्रमार्गाचा संसर्गही असू शकतो. म्हणून डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी. महिना उलटूनही झोप लागत नसेल, मुलाने बोलणे किंवा जेवणे सोडले असेल, जगणे नकोसे झाल्याची भाषा त्याच्या तोंडी आली असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाचा सल्ला विनाविलंब घ्यावा. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘टेलि-मानस’ या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीसह अनेक भारतीय भाषांत विनामूल्य बोलता येते. डॉक्टरांनी औषध दिले असेल तर बागेत फिरून बरे वाटते म्हणून ते परस्पर बंद करू नये.

पुन्हा पत्र्यावरचा पाऊस

आता त्या मुलाकडे परत येऊ. शाळेतील समुपदेशक बाईंनी आईवडिलांना बोलावून घेतले. डॉक्टरांनी तपासले, संसर्ग नव्हता. बाईंनी रविवारी वडिलांनी मुलाला घेऊन वस्तीमागच्या वडाखाली जावे असे सुचविले. वडिलांना ते हास्यास्पद वाटले. मुलगा घाबरट आहे आणि आता झाड त्याला धीट करणार, असे ते घरी येऊन म्हणालेदेखील. तरी ते गेले.

पहिल्या रविवारी काहीच घडले नाही. मुलाने पारंब्यांना झोके घेतले आणि वडील बिडी ओढीत बसले. दुसऱ्या रविवारी मुलाने बाईंनी शिकविलेला खेळ दाखविला: दोन्ही तळहात खोडाला लावून सर्व ताकदीनिशी ढकलायचे. “बाबा, तुम्ही पण ढकला.” वडील उठले. दोघांनी वड ढकलला. वड जागचा हलला नाही. पण वडिलांचे खांदे थरथरू लागले आणि बराच वेळ थांबेनात. मुलगा त्यांच्याकडे पाहत राहिला.

“त्या रात्री मी पण घाबरलो होतो रे,” वडील म्हणाले. “माझे पाय लटपटत होते. तू खांद्यावर होतास म्हणून चालत राहिलो.”

मुलगा काही बोलला नाही. त्याने हात पुन्हा खोडाला लावले.

चार दिवसांनी रात्री पाऊस आला. पत्रा वाजू लागला आणि मुलगा अंथरुणात उठून बसला. वडीलही उठले. त्यांनी दिवा लावला नाही, समजूत घातली नाही. विचारून त्याच्या पाठीला पाठ टेकून बसले आणि गरम दुधावर घालावी तशी लांब फुंकर घातली. थोड्या वेळाने मागून तशीच फुंकर ऐकू आली. मध्येच पावसाचा जोर वाढला तेव्हा मुलाची पाठ ताठ झाली.

“केवढा आहे?” वडिलांनी विचारले.

“नारळाएवढा.”

पाऊस रात्रभर पडत होता. पहाटे वडील कामावर जायला उठले, तेव्हा मुलगा बसल्या बसल्या झोपी गेला होता. त्यांनी त्याला आडवे केले. त्याने अर्धवट डोळे उघडले आणि, कोणी विचारले नसताना, म्हणाला, “आता लिंबाएवढा.”

स्वाध्याय

१. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा: हातपाय गळणे, घशाला कोरड पडणे, जीव भांड्यात पडणे, तोंडचे पाणी पळणे. तुम्ही ज्या राज्यात राहता तेथील भाषेत भयासाठी शरीराशी संबंधित असे कोणते वाक्प्रचार आहेत, ते शेजाऱ्यांना विचारून लिहा.
२. ‘रान म्हणजे विश्रांती, ही मुख्यतः शहरातील माणसाची समजूत आहे.’ या विधानाशी तुम्ही सहमत आहात का? स्वतःच्या अनुभवाच्या आधारे आठ-दहा वाक्यांत लिहा.
३. आई व वडील मुलाला खरे तेच सांगत असूनही त्याचा उपयोग का झाला नाही?
४. वडिलांनी वडाखाली जे सांगितले ते आधी का सांगितले नसावे, असे तुम्हांला वाटते?
५. उपक्रम: घराजवळील एका झाडाखाली, शक्य असल्यास घरातील लहान मुलासह, वीस मिनिटे बसा. कानांवर आलेले आवाज कागदावर लिहून ठेवा. आठवड्यानंतर त्याच जागी पुन्हा बसा आणि दोन्ही नोंदींतील फरक लिहा.